दुसऱ्या मजल्यावरची खोली

गेंट, गुरुवार

व्यवस्थापक श्री. फेरमेरेन यांस,

तुमच्या वृद्धाश्रमाची दोन पत्रं एकाच टपालानं आली. एकात मला दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाल्याबद्दल अभिनंदन. दुसऱ्यात माझ्या नातीला, इक्रामला, नर्सची नोकरी नाकारलेली, कारण ती डोक्यावरचा रुमाल काढायला तयार नाही. मुलाखतीत तुम्ही तिला म्हणालात, "काम उत्तम आहे हो तुमचं, पण म्हातारी माणसं घाबरतात."

कशाला घाबरतात? मी मायदेशी, टँजिअरला, नन्सच्याच शाळेत शिकले. तुमच्या आश्रमाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं राबले, तेव्हा आश्रमही सिस्टरच चालवत. त्यांची डोक्यावरची वस्त्रं मीच खळ घालून इस्त्री करायची. प्रार्थनेची घंटा झाली की सिस्टर क्लोटिल्ड अर्धा सोललेला बटाटा टाकून निघायच्या. "झोहरा, उरलेले तू बघ गं!" कामाचा खोळंबा होतो, असं कुणी कधी म्हटलं नाही.

माझा रुमाल मात्र दिवसभर खिळ्याला टांगलेला असायचा. घरी मी सांगायची, वाफेनं उकडतं. खोटं होतं ते. नोकरी जाईल म्हणून काढायची. घाबरत होते ती मी. इक्राम घाबरली नाही.

ती म्हणते, "आजी, हे पत्र पेटीत टाकू नकोस. मला याच गावात अजून नोकरी शोधायचीय."

बरं, नाही टाकत. सोमवारी दहा वाजता खोली बघायला मीच येते, रुमाल बांधून. कोण कोण घाबरतं, ते जेवणघरात एकेकाला विचारीन. तुम्ही शेजारी उभे राहा.

तुमची नवी रहिवासी,
झोहरा बेनाली