सगळ्यांना लागू

प्रिय भिंगरी,

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर लिहिलं असतं, पण दुकानाचा फोन काउंटरवर पडलेला असतो. तो तुझी आई वाचते, तुझा बाबा वाचतो, आणि इस्त्रीवाले काकासुद्धा चष्मा कपाळावर चढवून वाचतात. हे पत्र फक्त तुझं. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, ओळी उताराला लागल्यात, सांभाळून घे.

आधी आनंदाची बातमी सांगते. मला सेटिंग येतात! म्हणजे येतात असं मला वाटतं, बाकीच्यांचं मत वेगळं आहे. तू परगावी जाताना आपल्या लाँड्रीचं अ‍ॅप माझ्या हवाली केलंस, ते जिथे बनवतात त्या पानाचा पासवर्ड वहीत लिहून दिलास आणि म्हणालीस, आजी, काही अडलं तर ते दातेरी चाक दाब. तुझा बाबा तेव्हा काउंटरमागे पावत्या चाळत बसला होता. बसला होता कसला, धुमसत होता. जायचं तर जा म्हणाला, आणि त्या तुझ्या अ‍ॅपात माझं नाव कुठेही घालू नकोस, मला त्याची गरज नाही. तूही त्याचीच पोर, नाहीच घातलंस. त्याला चार महिने झाले. तुझा फोन येतो तेव्हा आईशी बोलतेस, माझ्याशी बोलतेस, आणि तो खोलीत आला की तुला लगेच काहीतरी काम आठवतं. त्यालाही आठवतं बरं का. एकदा तर रिकामे हँगर मोजायला गेला. रिकामे हँगर कोणी मोजतं का गं?

तर ते चाक. तीन महिने मी त्याच्याकडे नुसती बघत होते, चावऱ्या कुत्र्याकडे बघावं तशी. मग एक दिवस अक्षरं अगदीच मुंग्यांएवढी दिसायला लागली, म्हणून हिय्या करून दाबलं. आत अक्षरांचा आकार सापडला. मी तो चांगला ढळढळीत मोठा केला, ‘जतन करा’ दाबलं आणि खूश होऊन जेवायला गेले. मला वाटलं, चष्मा माझा, नंबर माझा, वाढला तर माझाच वाढला. दुसऱ्या दिवशी समोरचे दातांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, आजी, तुमचं अ‍ॅप माझ्यावर ओरडतंय. त्यांच्या फोनवर ‘कपडे तयार आहेत’ एवढ्या तीन शब्दांनी सगळी काच भरली होती. गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या फोनवर तर ‘कपडे’ एवढंच मावलं. निवृत्त मास्तर तेवढे हात जोडून म्हणाले, कोणाला तरी आमच्या डोळ्यांची कदर आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पानावर वरतीच लिहिलेलं होतं, ‘बदल सगळ्यांना लागू होतील’. मी ते वाचलं होतं, पण सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, हे कुठे ठाऊक! म्हणजे हे टबात नीळ घातल्यासारखं आहे. एका उशीच्या अभ्र्यासाठी घातली म्हणून ती काय बाकीच्यांना सोडते? टबात जे जे आहे ते सगळं निळं. हे मी तुझ्या आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, सासूबाई, कळलं ना, मग आता हात लावू नका. पण नीळ कळली की पुढचंही आपोआप कळेल असं मला वाटलं, आणि तिथेच माझं गाडं घसरलं.

झालं काय, की मास्तरांना दर वेळी तो सहा आकड्यांचा कोड टाकावा लागतो. एकदा चुकले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा काउंटरवर हात आपटून म्हणाले, माझ्याच पँटी बघायला मला परवानगी कशाला? मला पटलं. मी चाकात शिरले, ‘लॉगिन सक्तीचं’ असं एक बटण होतं, ते बंद करून टाकलं. दार सताड उघडं, कोणीही या. मास्तर खूश, मी खूश. दीड दिवस सगळी गल्ली आत येत होती आणि सगळ्यांना सगळ्यांची गाठोडी दिसत होती, फोटोंसकट! गाण्याच्या बाईंनी डॉक्टरांचे पायजमे मोजले. सात, आणि सातांवरही बदकं. डॉक्टर पांढऱ्या कोटावरच धावत आले. म्हणाले, आजी, आज माझ्या पेशंटांनी तोंडं उघडली ती हसायलाच.

मी ताबडतोब बटण परत चालू केलं. तरी गाण्याच्या बाई संध्याकाळी म्हणतात, अजून दिसतायत हो बदकं. मग शोधता शोधता कळलं की फोनचं बटण वेगळं आणि कॉम्प्युटरवरचं वेगळं, आणि बाई कॉम्प्युटरवर बघत होत्या. आता मला एक सांग, तू अ‍ॅप एकच केलंस ना? मग त्याला दोन दारं कशी? अक्षरं वाढवली तेव्हा दोन्हीकडे वाढली, मग लॉगिनला काय झालं? काही सगळ्यांना लागू, काही अर्ध्यांना लागू, आणि कुठलं कशातलं हे कोण ठरवतं? मी कपाळ धरून बसले. पण बंद केली गं दोन्ही दारं. बहुतेक केली. तू एकदा बघ.

बदकांची गोष्ट ऐकून तुझा बाबा हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, किती दिवसांनी! आणि मग हसता हसता एकदम थांबला आणि म्हणाला, बंद करून टाक ते अ‍ॅप. रविवारपर्यंत बंद झालेलं पाहिजे. परक्यांना आत घेतं आणि घरच्या माणसाला दारात उभं करतं. मी म्हटलं, कोणाला उभं केलं रे? तर स्टार्चचा डबा उचलून मागे गेला. मला काही उलगडेना. रागावला म्हणावं तर आवाज रागाचा नव्हता.

म्हणून काल सकाळी मी बंद करायचं बटण शोधायला बसले. रंग सापडला, भाषा सापडली, तारीख कशी दिसावी तेही सापडलं, बंद करायचं काही सापडेना. अगदी तळाशी माणसांची यादी होती. त्यात तुझं नाव, आणि पुढे लिहिलेलं, ‘शेवटची भेट: आज, सकाळी ६.४०’. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग नावावर बोट ठेवलं तर खाली सगळे दिवस उघडले. काल, परवा, त्याच्या आधी, एकही दिवस सुटलेला नाही. म्हणजे माझी पोर तिकडे उठते आणि आधी आपल्या चादरी किती आल्या ते बघते! मला इतका आनंद झाला की इस्त्रीवाल्या काकांना उगाचच दुसरा चहा पाजला. त्यांना कारण नाही सांगितलं.

आणि आता ज्यासाठी हा कागद घेतला ते. तुझ्या नावाखाली आणखी एक खण आहे, ‘प्रवेशाची विनंती’. त्यात नाव नाही, नुसता फोन नंबर, पण तो मला तोंडपाठ आहे. तुझ्या बाबाचा. अकरा वेळा. पहिली विनंती तू गेल्यानंतर आठव्या दिवशीची, शेवटची गेल्या सोमवारची, सगळ्या दुकान उघडायच्या आधीच्या. एकाही विनंतीला उत्तर गेलेलं नाही. तुला त्या दिसल्याच नसणार, मला सापडायला चार महिने लागले. पण तो तिथे उभा आहे, आणि त्याला वाटतंय की तू बघूनही उघडत नाहीस. समोर ‘आत घ्या’ असं बटण आहे. मलाही दाबता येतं, बोटही नेलं होतं तिथवर. मग मागे घेतलं. मी दाबलं तर त्याला कळेल की आपल्या आईने घेतलं आत, आणि त्याने अकरा वेळा काही माझं दार वाजवलेलं नाही. मी हे पाहिलंय ते त्याला माहीत नाही, तूही सांगू नकोस. बंद करायचं बटण काही सापडत नाही, असं मी त्याला रविवारपर्यंत सांगत राहीन. पत्र तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी मी त्याच्याआधी दुकानात जाऊन बसणार आहे. फोन हातात घेऊन तो बाराव्यांदा बघेल, तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचंय.

तुझीच, सगळ्या बटणांत गोंधळलेली आणि तरी भारी खूश असलेली,
आजी