दुकानावरचा हॉल, अटीसह

मी, ज्याला सारा बाजार भोंगेवाले काका म्हणतो तो, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सभा-समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने देणे, माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीची व्यवस्था कोणाच्याही दडपणाविना, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण संतापात लिहून ठेवत आहे. वकील म्हणाले, ‘संतापात’ खोडा. मी म्हटलं, “शुद्धीत आहे म्हणूनच संताप आलाय.” शब्द राहिला.

१. राहतं घर पत्नीचं. तिला तिथून कोणी हलवू नये, देखभालीच्या नावाखालीसुद्धा. बँकेतल्या ठेवी तिला आणि मुलीला निम्म्या निम्म्या.

२. दुकान, भोंगे, माईक आणि टेम्पो थोरल्या पोराला. सायकलला एक भोंगा बांधून मी सुरुवात केली. सत्तेतला असो की विरोधातला, भाडं सगळ्यांना एकच आणि आगाऊ, यावर धंदा उभा राहिला. थोरल्याने एका पक्षाला सवलत दिली, की दुसरा काचा फोडणार आणि पहिला उधारी बुडवणार.

३. दुकानावरचा हॉल. वकिलांना बोलावलं ते यासाठीच.

हा हॉल मी नागरिक मंचाला बैठकांसाठी फुकट दिला आहे. मंच काढला मी आणि माझ्या छापखानेवाल्या दोस्ताने. नियम एकच, कोणत्याही पक्षाचा माणूस पदावर नको. पालिकेच्या सभा आम्ही लोकांना खुल्या करून घेतल्या, गटारांची टेंडरं चव्हाट्यावर आणली. आता निवडणूक लांबवत लांबवत एक साहेब पालिकेचा कारभार एकटाच हाकतो. त्याविरुद्ध आम्ही दर महिन्याला पालिकेच्या फाटकासमोर बसतो. साहेबाचं उत्तर ठरलेलं: “सध्या वातावरण योग्य नाही.”

गेल्या रविवारी मंचाची वार्षिक सभा झाली. एका शिक्षिकेने उठून विचारलं, “आपल्या मंचाची निवडणूक कधी?” छापखानेवाला स्थापनेपासून अध्यक्ष आहे. तो हसून म्हणाला, “घेऊ हो बाई, घेऊ.” सभा संपली, लोक जिना उतरले. टेबलावरचा माईक आणि रस्त्यावरचा भोंगा मी अजून बंद केला नव्हता. तेवढ्यात हाच अध्यक्ष खजिनदाराला म्हणाला, “कसली निवडणूक? सध्या वातावरण योग्य नाही.”

साऱ्या रस्त्याने ऐकलं. कोपऱ्यावरचा चहावाला खालून ओरडला, “काका, साहेब तुमच्याकडेच राहायला आले की काय?” लोक खो खो हसले. माझी कानशिलं तापली ती अजून निवलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी छापखानेवाला दुकानात आला.

“भोंग्या, मुद्दाम चालू ठेवलास ना?”

“नाही रे. पण ठेवायला हवा होता.”

“मी खुर्ची सोडली तर या नवख्यांना मंच झेपेल?”

“साहेबही आपल्याबद्दल हेच म्हणतो.”

“एवढ्या वर्षांची दोस्ती आपली…”

“दोस्ती आहे तर घरी जेवायला ये. खुर्ची हवी तर मतं माग.”

चहा तसाच टाकून गेला.

म्हणून अट अशी: माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत मंचाने सर्व सदस्यांच्या गुप्त मतदानाने पदाधिकारी निवडले, तरच हॉल मंचाच्या मालकीचा. छापखानेवाल्याने जरूर उभं राहावं. निवडून आला तर मला आनंदच. पण जो उभा राहील, त्याने मतदान घ्यायचं नाही आणि मतंही मोजायची नाहीत.

निवडणूक झाली नाही तर हॉल थोरल्याचा. त्याला तो एका पक्षाला कार्यालयासाठी द्यायचा आहे. बोलणी जिन्यात झाली, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. तेव्हा मुदतीवर तो डोळ्यांत तेल घालून नजर ठेवील. असा पहारेकरी मंचाला पगार देऊनही मिळायचा नाही. वकील म्हणाले, “काका, पोराचा लोभ कामाला लावलात!” लावला. तेवढं तरी समाजकार्य घडू दे त्याच्या हातून.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. तिला हॉल नको आहे आणि ती कोणाला भीत नाही.

५. मी गेलो की त्याच आठवड्यात माझं नाव पालिकेच्या मतदार यादीतून आणि मंचाच्या सदस्य यादीतून काढावं. आदरापोटी ठेवू नये. मेलेल्यांची मतं पडताना मी या वॉर्डात पाहिली आहेत. त्यांतलं एकही कधी खुर्चीवरच्या माणसाच्या विरोधात गेलेलं नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: भोंगेवाले काका

साक्षीदार: १. आमचे घरचे डॉक्टर २. शेजारचा न्हावी
(दोघांनाही यातून काहीही मिळायचं नाही.)

ठिकाण: दुकान
दिनांक: १४ मार्च, शुक्रवार