माझं एकटीचं खातं

दादा, शाखाच नसलेली बँक असते असं मी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असता, "मंग पैसे काय झाडाला टांगतेत व्हय?" शाळेच्या ऑफिसात जन्मभर क्लार्की केलेल्या माझ्या बापाला शिक्का आणि खिडकी नसलेलं काम पटलंच नसतं. पण मला नेमकी ती खिडकीच नको होती. इथे आखाडा बाळापूरला माझा शाळेचा पगार ज्या शाखेत जमा होतो, तिथले कॅशिअर ह्यांचे मित्र आहेत. मी पैसे काढून घरी पोचायच्या आत ह्यांना कळलेलं असतं. "वैनी आल्त्या आज," असं ते सहज सांगून जातात आणि हेही सहजच विचारतात, "काहून काढले गं?" त्यात कुणाच्या मनात काही वाईट नसतं. हे हात उगारत नाहीत, पीत नाहीत, चार लोकांत माझं कौतुक करतात, त्यामुळे तक्रार करायची तरी कशाची? मला पळून जायचं नाही, दादा. पण कधी जावंसं वाटलंच, तर बसच्या तिकिटाचे पैसे काढल्याचंही घरात आधीच समजलेलं असेल, हे ध्यानात आल्यापासून माझा जीव गुदमरतो. घरात कुणाला माहीत नसलेलं असं एक खातं मला हवं होतं, एवढंच.

मग मधल्या सुट्टीत बसून मी मोबाइलवर बँका बघू लागले. कुठे व्याज बरं, पण शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली की दंड. कुठे दंड नाही, पण पैसे काढायला एटीएम थेट हिंगोलीत. साडीच्या दुकानात मी कधी इतका वेळ घातला नसेल. शेवटी एक पसंत केली, दंड नसलेली. सगळी माहिती भरली, आणि ॲप अडलं. आधारवरचं नाव आणि पॅन कार्डावरचं नाव जुळत नाही म्हणे.

जुळेल कसं? तुम्ही समोरच होता की. मांडव दारात आहे, ताटात तांदूळ पसरलेत, आणि हे अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहून राहिलेत. काका म्हणतात, "अरे, पोरीला इचारा तरी, नाव आवडलं का." तुम्ही हसून त्यांना गप्प करता, "आता लेकरू त्यायचं. त्यायला आवडंल ते ठेवतील." पुढे दिवाळीला न्यायला आलात, तेव्हा दारातून तुम्हीसुद्धा मला त्याच नव्या नावाने हाक मारलीत. मी आत भाकरी थापत होते. सासूबाईंनी "अगं, तुलाच बलावून राहिले" म्हणेपर्यंत मला कळलंही नाही. आधार सासरी आल्यावर काढलं, ते सासरच्या नावाने. पॅन कार्ड मात्र कॉलेजात असताना तुम्हीच हिंगोलीला नेऊन काढून दिलं होतं. वर प्लॅस्टिकचं कव्हर घालून म्हणाला होता, "हे नीट सांभाळ, हे तुझं पक्कं काम." तुम्ही ठेवलेलं नाव आता तेवढ्या एका कार्डावर उरलं होतं.

बँकेच्या मदत क्रमांकावरची मुलगी हिंदीत समजावत होती. पॅनवर सासरचं नाव लावणं सोपं, घरबसल्या होतं. तुम्ही ठेवलेलं नाव आधारवर आणायचं तर कागदपत्रं हवीत, खेटे हवेत, आणि ह्यांना सांगितल्याशिवाय त्यातलं काहीच व्हायचं नाही. स्वतःचं खातं हवं असेल, तर स्वतःचं नाव सोडायचं. मी सोडलं. नवं कार्ड शाळेच्या पत्त्यावर मागवलं, आणि ते हातात आल्यावर तुम्ही घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर जुन्यावरून काढून त्याला चढवलं.

राहिला होता फक्त व्हिडिओ कॉल. रेंज गच्चीवरच येते म्हणून मी वर गेले. पडद्यावरच्या साहेबांनी कार्ड दाखवायला लावलं आणि विचारलं, "मॅडम, अपना पूरा नाम बताइए." आणि दादा, माझ्या तोंडून तुम्ही ठेवलेलंच नाव गेलं. कसं गेलं देव जाणे. शब्द मागे घेणार तोच पाठीमागून सासूबाई खणखणीत आवाजात ओरडल्या. त्या मिरच्या वाळत घालायला कधी वर आल्या, मला पत्ताच नाही. "न्हाई हो साहेब, माहेरचं नाव सांगून राहिली ती! तिचं नाव असं हाय!" असं म्हणून त्यांनी सासरचं नाव आडनावासकट सांगितलं. साहेब म्हणाले, कोई और बता रहा है तो नहीं चलेगा, आणि कॉल कापला.

जेवताना सासूबाईंनी हसत हसत सगळं सांगून टाकलं. मी ताटाकडेच बघत होते. वाटलं, आता हे चिडतील, आणि खरं सांगते, चिडले असते तर बरं झालं असतं. पण हे म्हणाले, "एवढंच व्हय? मला सांगायचं की. उगं तकलीफ करून घेतली." दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला स्वतः गच्चीवर बसवलं आणि सासूबाईंना खाली थांबवलं. या वेळी मी नाव बराबर सांगितलं. खातं उघडलं. वारस म्हणून ह्यांचं नाव, हिशेब ह्यांच्या ईमेलवर. "पिन आपल्या लग्नाच्या तारखेचा ठेव, म्हंजी इसरनार न्हाईस," असंही ह्यांनीच सुचवलं, आणि मी तोच ठेवला.

बँक मात्र मी निवडलेलीच आहे. हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना अभिमानाने सांगतात, आमच्या घरात सगळ्यात आधी हिनंच काढलं ऑनलाइन खातं.

तुम्ही गेलात तिथे पत्र पोचायची सोय असती तरी हे मी पाठवलं नसतं, दादा. तुम्ही ते दोनदा वाचलं असतं, चष्मा पुसला असता आणि म्हणाला असता, जावई किती चांगला मिळाला. आणि मी नेहमीसारखी "व्हय" म्हणाले असते.