शहागडच्या पुलापलीकडं

कुंभार पिंपळगाव,
५ नोव्हेंबर २०२४

ति. अक्कास,
दैवशालाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऐन दिवाळीत मिळालं. मी वाती वळत बसलेली. अक्षर ओळखलं आन् तिथंच उंबऱ्यात बसून दोनदा वाचलं. घशाच्या ऑपरेशनचे टाके सुकले, गळ्यातल्या नळीची सवय झाली, हे वाचून जिवात जीव आला. पण तुझा आवाज आता कधीच ऐकायला मिळणार न्हाई, हे काही डोक्यात शिरत न्हाई. परवा तुझ्या वसंताचा फोन आल्ता तेव्हा त्यानं फोन तुझ्या तोंडाजवळ धरला. मी बोलत राह्यले आन् तिकडून नुसती घरघर. मंग मीच बंद केला. राग मानू नको. आपलं हे पत्राचंच बरं.

इकडं कापूस फुटून पांढरा झालाय आन् वेचायला बाया मिळत न्हाईत. म्हैस गाभण आहे. घरात मी एकटी, तिला कुणाच्या भरवशावर सोडू? कल्याणला पुण्यात कंपनीतून सुट्टी न्हाई. संक्रांतीनंतर मला तुझ्याकडं घेऊन येतो म्हणाला. तेव्हा पोरासंगं बराबर येते, चांगली पंधरा दिवस राहते. एकटीनं निघून ये असं लिहिलंस, तेवढं मात्र सोड. पन्नाशीला टेकल्यावर बाईमाणसानं असली नवी खुळं कशाला काढायची?

तू गप्प झालीस, म्हणजे तुझ्या सुनेचा सासुरवास कमी झाला असंल. प्रियाला म्हणावं, मजा कर.

धाकटीवरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
दैवशाला


सोलापूर,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. दैवशालास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसले. मी हसले की नळीतून शिट्टी वाजते आणि प्रिया हातातलं टाकून धावत येते. सासुरवास कमी झालेला नाही. आता पाटीवर लिहून करते.

कापूस, म्हैस, कल्याण. तुझे रामकिसनराव गेल्यापासून तीन वर्षं मी हेच वाचते आहे, फक्त पीक बदलतं. गावातल्या बाया जीप करून राजूरच्या गणपतीला गेल्या, तू गेली नाहीस. डोळा दाखवायला जालन्याला जायचं, तर कल्याण येईपर्यंत एका डोळ्याने वाचत बसलीस. माझ्या ऑपरेशनच्या वेळी मी कुणालाच काही बोलले नाही. पण आज लिहिते. आवाज जाण्याआधी मला एकदा तुझ्याशी तोंडाने बोलायचं होतं. आदल्या संध्याकाळी मी दाराकडे बघत होते. ते राहून गेलं.

आता माझं ऐक. एकदम सोलापूरचा विचारच करू नकोस. एक दिवस नुसती घनसावंगीला जा, चहा पी, परत ये. मग अंबड. मग बीड. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा उगाच फिरलीस असंही कुणी म्हणणार नाही. पाणी मात्र पीत जा. स्टँडवरच्या बाथरूमच्या धास्तीने बायका दिवसभर कोरड्या घशाने बसतात, तसं करू नकोस.

आणि संक्रांतीनंतरचं बोलू नकोस. मला सध्या एवढ्या लांबचं बोलवत नाही.

पाटीवाली सासू,
तुझी अक्का


कुंभार पिंपळगाव,
२ डिसेंबर २०२४

ति. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मी निघाले होते. देवाशपथ निघाले होते. म्हैस शेजारच्या कचरूभाऊच्या बायकोकडं सोपवली, पिशवीत तुझ्यासाठी पातळ करून खाता येईल म्हणून नाचणीचं पीठ घेतलं. अंबडपर्यंत गावच्या गाडीनं आले. तिथं बीडची बस लागलेलीच होती. खिडकीपाशी बसले. कंडक्टरनं विचारलं, बाई कुठं? मी सोलापूर म्हणाले, तर तो म्हणाला बीडपर्यंतचं मिळंल. तेही घेतलं. पण बस वडीगोद्रीच्या पुढं, शहागडच्या पुलाकडं निघाली. मी ओरडून बस थांबवायला लावली आन् रस्त्यात उतरले. कंडक्टर लई बोलला. बोलणारच की.

तुला वाटतं मी घाबरट आहे. आहेच. पण त्या दिवसाचं तुला मी कधी पुरं सांगितलं न्हाई.

वसंताच्या लग्नावरून आम्ही परत येत होतो. गेवराई सोडली तेव्हा ह्यांनी मला विचारलं, घरी गेल्यावर चहापुरतं दूध मिळंल का. मी म्हणाले, मिळंल. मंग माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले. चारचौघांत असं बसायची मला लाज वाटली, पण लग्नात दमलेत म्हणून हलवलं न्हाई. पदरानं वारा घालत राह्यले. शहागडचा पूल आला तेव्हा गोदावरीला हात जोडले, ह्यांच्या वतीनं बी जोडले. अंबडला उतरायच्या वेळी हलवलं, तर मान पुढं पडली.

डॉक्टर म्हणाले, जाऊन तास तरी झाला असंल. म्हणजे पुलावर हे न्हवतेच. मी कुणाला वारा घालत होते, अक्का? लोकांनी मला बाजूला सारलं, ह्यांना हातापायाला धरून खाली घेतलं. बसला उशीर झाला होता, ती लगेच पुढं गेली.

आता बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तरी भीती वाटते आन् कुणी बसलं तरी वाटते. ही भीती घनसावंगीपर्यंत जाऊन कशी जावी?

वेडी म्हण, पण टाकू नको.

तुझी,
दैवशाला


सोलापूर,
१३ डिसेंबर २०२४

चि. दैवशालास आशीर्वाद.

एवढं सगळं तू एकटीने पोटात ठेवलंस आणि मी तुला बसमध्ये बसायचं शिकवत होते.

आता येऊ नकोस. रुसून लिहीत नाही. दुखणं पुन्हा उलटलं आहे. डॉक्टरांनी घरीच ठेवा, खायचं ते खाऊ द्या, असं वसंताला सांगितलं. तो आणि प्रिया माझ्यासमोर हसतात आणि स्वयंपाकघरात जाऊन रडतात. तोंड सुजलं आहे. जखमेला वास येतो. मी बघण्यासारखी राहिलेले नाही आणि तुझ्याने ते बघवणार नाही. वसंताच्या लग्नातला फोटो आहे ना तुझ्याकडे, त्यात बघ मला.

डोळ्याचं मात्र लवकर दाखव.

अक्का


कुंभार पिंपळगाव,
९ जानेवारी २०२५

ति. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आन् दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले, ते तू पाहिलंच. मला दारात बघून तू भिंतीकडं तोंड फिरवलंस. प्रियानं विचारलं, मावशी कुणासंगं आल्या? कुणीच न्हाई म्हणाले, तर ती बाहेर डोकावून बघून आली.

रस्त्याचं तुला तिथं सांगायचं राहूनच गेलं. अंबडला माझ्या शेजारी एक पोरगी येऊन बसली. बीडला नर्सिंग शिकते, शिखा नाव. गोड बोलली. जरा वेळानं तिला झोप लागली आन् शहागड यायच्या आत तिची मान माझ्या खांद्यावर. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. खिडकीच्या वाऱ्यात काही कळंना. मंग मी तिला गदागदा हलवलं, ओरडले. सगळी बस मागं वळून बघून राह्यली. पोरगी बिचारी पांढरीफटक. काय झालं, काय झालं, विचारत होती. ती पिशवी उचलून मागच्या सीटवर गेली. कुणीतरी म्हणालं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो.

पुलावर मी एकटीच होते. डोळे मिटले न्हाईत. नदीला पाणी चांगलं होतं. आता काहीतरी होईल असं वाटलं, पण काहीच झालं न्हाई. पूल संपला, गेवराई आली, माणसं उतरली, चढली. बीडला सोलापूरची गाडी कुठं लागते ते तिघांना विचारलं, तिघांनी तीन जागा दाखवल्या. चौथ्या बाईनं हात धरून नेलं. बाथरूमला बी गेले, पिशवी गळ्यात अडकवून.

चार दिवसांतच परत फिरले त्याचं वाईट वाटून घेऊ नको. म्हशीनं खाणं सोडलं असा कचरूभाऊचा फोन आल्ता, म्हणून जल्दी निघावं लागलं. आता बिलकुल बरी आहे. सरकी बी खाते, चारा बी खाते. फिकर करू नको.

येणं-जाणं एकटीनं केलं, तेवढ्यासाठी तरी पाठीवर हात ठेव.

तुझी,
दैवशाला


सोलापूर,
१९ जानेवारी २०२५

चि. दैवशालास आशीर्वाद.

हात थरथरतो, अक्षर समजून घे.

पाठीवर हात ठेवला आहे. पोरीचं वाचून वाईट वाटलं. तिचंही आणि तुझंही.

म्हैस बरी झाली हे ठीक झालं. ती आजारी नव्हतीच. तू निघालीस त्या दिवशी तुझा फोन सकाळपासून माझ्या उशाशी होता, कचरूचा काय कुणाचाच आला नाही. मी दुपारी डोळे मिटून पडले की तू नळीसमोर तळवा धरायचीस. तुला वाटायचं मी झोपले. एकदा वाटलं, श्वास रोखून तुला घाबरवावं. पण तुझा चेहरा बघून तसं करवलं नाही.

तू पळालीस त्याचा मला राग नाही. बोलावतही नाही. पण आलीस तर राखण करायला येऊ नकोस, बोलायला ये. इथे सगळे माझ्याशी माझ्या दुखण्याचंच बोलतात. मला आपल्याकडचं ऐकायचं आहे. कुणाचं लग्न झालं, कुणाचं मोडलं, बाजारात कोण कुणाशी भांडलं. दैवशाला, मला कंटाळा आला आहे.

तुझीच,
अक्का


कुंभार पिंपळगाव,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रियास,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वसंतालाही सांगावेत.

तेराव्याच्या दिवशी तू मला विचारलंस की आई गेल्या तेव्हा मी शेजारी कुणाला हाक का मारली न्हाई, तुला मेडिकलमधून बोलावून का घेतलं न्हाई. तेव्हा माणसं भोवती होती. तुझं विचारणं बराबर होतं. आता निवांत सांगते.

अक्कानं बोलायला ये लिहिलं, म्हणूनच मी परत आले होते. त्या दुपारी मी तिला इकडच्या लग्नाचं सांगत होते. आमच्या गल्लीतल्या मच्छिंद्रला नवरदेव म्हणून घोड्यावर बसवलं, फटाके वाजले आन् घोडं त्याला घेऊन थेट उसात शिरलं. वऱ्हाडी मागं, वाजंत्री मागं, आन् आतून नवरदेवाच्या हाका. अक्का हसली. तिची ती शिट्टी बारीक वाजली. मी पुढं सांगत होते आन् शिट्टी परत वाजली न्हाई. मला तेव्हाच कळलं. नळीसमोर हात धरावा लागला न्हाई.

तरी मी थांबले न्हाई. घोडं कसं सापडलं, मच्छिंद्र एका बुटावर बोहल्यावर कसा उभा राह्यला, ते सगळं सांगून संपवलं. अर्ध्यावर सोडावं असं वाटलं न्हाई. मंग तिचा हात हातात घेऊन बसले, तू येईपर्यंत. तुझ्या मावसाजींच्या वेळी लोकांनी मला एक क्षण दिला न्हाई. बस पुढं निघून गेली आन् मी रस्त्यावर उभी. या वेळी कुठंच जायची घाई न्हवती. तेवढा वेळ मी तुमच्या वाट्यातून घेतला. त्याचा राग धरलास तरी मी काही म्हणणार न्हाई.

येताना तुळजापूरच्या पुढं बस बंद पडली. दुसरी येईपर्यंत बाभळीखाली बसलो. अंबडला आले तर गावची शेवटची गाडी गेल्ती. लई भ्यायले. स्टँडवर दोन माणसं उगाच माझ्याभोवती घुटमळत होती. मी सरळ कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन उभी राह्यले आन् मोठ्यानं बोलले की मला कुंभार पिंपळगावला जायचंय, माझी बहीण वारलीय, माझी सोय करा. त्यांनी घनसावंगीच्या गाडीत बसवून दिलं. पुढं गावातल्या ट्रॅक्टरवर बसून आले. कल्याण न्यायला येतो म्हणत होता, मीच नको म्हणाले.

घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला. मंग सवयीनं कागद घेऊन बसले आन् ‘ति. अक्कास’ लिहून मोकळी झाले. पुढं हात चालंना. कागद फाडवला बी न्हाई. तेवढीच ओळ खोडून त्याच्याखाली तुझं नाव घातलं आहे. वर खाडाखोड दिसते ती त्याची.

पोचले, एवढंच कळवायचं होतं.

मावशीला अंतर देऊ नको.

तुझी,
दैवशाला मावशी