नावेत उचललेल्या पेल्याबाबत

प्रति,
मा. किल्लेदार साहेब,
इनव्हरगार्व किल्ला, आर्वन खाडी.

दिनांक : १९ जुलै १७१६

विषय : अर्जदाराचा मुलगा लाखलन मॅकव्हरिश याने राजेसाहेबांच्या नावाने घेतलेला पेला पाण्यावर धरला, या आरोपाबाबत.
संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे दोन अर्ज. उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

अर्जदार डूगल मॅकव्हरिश हा आर्वन खाडीच्या उतारावर माणसे पलीकडे पोचवणारा जुना नावाडी आहे. अक्षरे उतारवयात शिकला, तरी चूकभूल पोटात घालावी.

१. जॉर्ज महाराजांच्या वाढदिवशी आपले सार्जंट प्रॅट पलीकडे जाण्यासाठी नावेत बसले. वल्ही लाखलनच्या हातात होती. खाडीच्या मध्यावर सार्जंटसाहेबांनी बाटली काढली आणि म्हणाले, "काय रे पोपच्या पिल्ला, आमच्या राजाच्या नावानं उतरेल का तुझ्या घशाखाली?" लाखलन म्हणाला, "साहेब, राजा कुणाचाही असो, घसा आमचाच कोरडा आहे." सगळे हसले. लाखलनने उभे राहून, "जॉर्ज महाराजांना उदंड आयुष्य," असे मोठ्याने म्हणून पेला रिकामा केला.

२. नावेत प्रोटेस्टंट चर्चचे पंच टॉमस इंग्लिस होते. त्यांनी तक्रार केली की पेला पाण्यावर धरला होता. गादीवरून हाकललेल्या कॅथलिक घराण्याला मानणारे लोक पाण्याच्या भांड्यावरून पेला नेतात. तोंडाने जॉर्ज म्हणतात आणि मनात समुद्रापलीकडच्या राजासाठी पितात, हे आपण जाणताच. अर्जदाराचे म्हणणे एवढेच की नावाड्याने पेला डावीकडे धरला तरी खाली पाणी आणि उजवीकडे धरला तरी पाणी. सार्जंटसाहेबांचाही पेला त्याच पाण्यावर होता. चौकशीत हे सांगितले तेव्हा कारकून म्हणाले, "म्हातारबा, सार्जंट प्रोटेस्टंट आहे. त्याच्या पेल्याखालचं पाणी म्हणजे नुसतं पाणी."

३. सार्जंटसाहेबांची बदली झाल्याने त्यांची साक्ष झाली नाही. दुसरी साक्षीदार त्या दिवशी नावेत असलेली शोनाग विणकरीण. ती आमच्याच कॅथलिक पंथाची. ती म्हणाली, "डूगलकाका, पोरानं जॉर्जचं नाव घेतलं ते मी या कानांनी ऐकलं. पण तसं बोलले तर आपलीच माणसं माझ्या हातचं कापड घेणार नाहीत. मला विचारूच नका." तिचे खोटे नाही. जॉर्ज महाराजांचे नाव घेतले म्हणून आमच्या लोकांनी अर्जदाराच्या दारातली जळणाची रास खाडीत लोटली. प्रार्थनेला अर्जदाराच्या शेजारी कोणी गुडघे टेकत नाही. कॅथलिकांची खात्री आहे की लाखलन जॉर्ज महाराजांसाठी प्यायला. प्रोटेस्टंटांची खात्री आहे की तो दुसऱ्यासाठी प्यायला. दोन्ही खात्र्यांची शिक्षा एकाच घराला होत आहे.

४. पहिल्या अर्जात अर्जदाराने सुटका मागितली होती. दुसऱ्यात, निदान खटला याच खोऱ्यात चालावा, अशी विनंती होती. आता निकाल झाला असून लाखलनला समुद्रापार ऊसमळ्यांवर पाठवणार आहेत, असे कळते. तिकडून कोणी परत आल्याचे इथे ऐकिवात नाही. अर्जदार आता त्याबद्दल काही मागत नाही.

५. परवा आपला हुकूम आला की खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जहाजावर शनिवारी कैदी पोचवायचे आहेत आणि ते उताराच्या नावेने न्यायचे आहेत. नाव एकच आहे. वल्हवणारा आता अर्जदारच आहे. हुकूम आणणारा शिपाई म्हणाला, "आजोबा, त्या दिवशी आजारी पडा की." अर्जदार आजारी पडणार नाही.

६. विनंती अशी की, कैद्यांना पुढच्या बाजूला बसवण्याची पद्धत आहे, ती एका कैद्यापुरती मोडावी. बेड्या काढू नयेत. बोलण्यास मनाई असल्यास अर्जदार एक शब्द बोलणार नाही. फक्त लाखलनला मागच्या फळीवर बसू द्यावे. वल्हवणाऱ्याचे तोंड मागच्या बाजूला असते.

शनिवारी वेळेवर नाव घेऊन हजर राहणारा,
आपला नम्र,
डूगल मॅकव्हरिश
नावाडी, आर्वन उतार