पंचमीला वाढलेलं पान

२ जानेवारी, शुक्रवार

पोचले एकदाची. विमानात शेजारच्या बाप्याने बसल्या बसल्या बूट काढले, तेव्हापासून उतरेपर्यंत नाकाला पदर. पण बाहेर यतीन, सूनबाई अस्मिता आणि नात संहिता फुलं घेऊन उभी दिसली आणि शिणवटा पळाला. लेक चांगलाच सुटलाय. मी म्हटलं, काय रे, पोट आधी आलं न्यायला. अस्मिता म्हणाली, आई, तुमच्या पुरणपोळ्यांसाठी जागा करून ठेवलीय. तिखट आहे पोरगी. मला आवडते.

गावाचं नाव फेल्डहोवन. घर छान आहे. खाली स्वयंपाकघर, त्याला भिंतभर काचेचं सरकतं दार, पलीकडे टीचभर अंगण, लाकडी कुंपण आणि सायकलींचं खोपट. संहितेला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये. मी मराठीत विचारते, ती तिच्या भाषेत काहीतरी सांगते, आमचं झकास चालतं. सकाळी काय खाते, तर पावावर लोणी आणि वर चॉकलेटचे बारके दाणे. उंदराने लेंड्या टाकाव्यात तसे दिसतात. मला दिला होता. नको म्हटलं.

ही वही अस्मिताने दिली, साखर किती आली ते लिहा म्हणून. मी चौथी शिकलेली, अक्षर गिचमिड. साखर लिहीनच, बाकीचंही लिहीन. दुपारपर्यंत घरातल्या माणसांशी बोलून होतं, मग काय भिंतीशी बोलू?

४ जानेवारी, रविवार

बर्फ पडला. संहिता नाचत सुटली. मी काचेतून बघितला. कापूस पिंजावा तसा येतो, आवाज नाही. पाऊस येतो तो सांगून तरी येतो. हा चोरासारखा.

इकडची माणसं बर्फ मोजतात, आपण धरणं मोजतो तशी. यतीन मोबाइलवर नकाशा लावून बसला. उत्तरेला ग्रोनिंगनला गुडघाभर, युट्रेख्टला त्याच्या निम्मा, आमच्याकडे घोट्याएवढा. विहीणबाईंनी, म्हणजे अस्मिताच्या आई सरलाताईंनी, अमेरिकेतून लगेच व्हिडिओ टाकला. त्या मुलाकडे बफेलोला असतात. त्यांच्याकडे म्हणे दार उघडलं की समोर बर्फाची भिंत. बर्फातसुद्धा या बाईंचं वरचढ. माझा भाचा रणजित फौजेत, लेहला असतो. तो म्हणाला, मामी, तुमचा तो बर्फ कसला, पिठी साखर आहे.

६ जानेवारी, मंगळवार

पिठी साखरेने देश बसला. नारिंगी कोड लागलाय म्हणे, म्हणजे घराबाहेर पडू नका. आगगाड्या बंद, शाळा बंद, विमानं बंद. दुकानात बर्फावर टाकायचं मीठ संपलं. दोन दिवसांत रस्त्यावरच्या बर्फाचा राखाडी चिखल झाला, त्यात कुत्र्यांचं पिवळं आणि सायकलींचं काळं. लोक त्यातून बूट बडवत येतात आणि तसेच घरात शिरतात. शी.

शेजारच्या म्हाताऱ्या रीटबाई मात्र शिस्तीच्या. उजाडलं की खराट्याने आपल्या दारापुढचं झाडतात, वर आमच्याही पुढचं. मी गेले खराटा धरायला. त्या डचमध्ये बोलल्या, मी मराठीत. अस्मिताने मध्ये पडून सांगितलं की रीटआजींचं माहेर उत्तरेला, लहानपणी तिकडे छपरापर्यंत बर्फ असायचा. म्हटलं, घ्या, ही दुसरी विहीणबाई. रीटबाई पाखरांसाठी कुंपणाला चरबीचे गोळे टांगतात. त्यावर येतात ते कावळेच, फक्त मान राखाडी. मला जरा बरं वाटलं. उद्या यांच्या तिथीला लागतील.

७ जानेवारी, बुधवार. पौष वद्य पंचमी

आज यांची तिथी. खीर, वडे, आळूऐवजी पालक, कढी, सगळं केलं. पुण्याहून पत्रावळी आणल्या होत्या. एक पान वाढून यतीनने अंगणात बर्फावर ठेवलं. आम्ही काचेच्या आत हात जोडून उभे.

एक कावळा फिरकेल तर शपथ. सगळे रीटबाईंच्या कुंपणावर, चरबी टोचत. बर्फ पुन्हा भुरभुरायला लागला. आमच्यात घास शिवेपर्यंत घरात कुणी जेवत नाही. यतीनची ऑफिसची मीटिंग, संहितेचं पोट कळवळलेलं. मग रीतीप्रमाणे एकेक जण बोलायला लागलो. यतीन म्हणाला, बाबा, आईला सांभाळीन. नाही आला. अस्मिता म्हणाली, बाबा, संहितेला मराठी वाचायला शिकवीन. नाही आला. मी म्हटलं, तुमचं बार्शीचं घर विकणार नाही. ढिम्म.

शेवटी मी वैतागले. म्हटलं, जिवंतपणी रुसायचात, आता बर्फात पण रुसा. या घरातलं काय हवं ते घ्या, पण आता जेवा बाई एकदाचे.

तोंडातून शब्द निघाला आणि पान खाली गेलं.

कावळा नव्हता. बर्फ मध्ये खोल झाला, ओठ आत ओढावा तसा, आणि पान गिळलं. मग पत्रावळ वर आली. रिकामी. तोवर अस्मिता ताटं मांडायला वळली होती, यतीन फोनवर. त्याने रिकामं पान बघितलं आणि म्हणाला, चला, शिवला.

पोर भुकेली होती. जेवलो.

८ जानेवारी, गुरुवार

सकाळी पत्रावळ उचलायला गेले. इतकी स्वच्छ की पानांच्या शिरा दिसाव्यात. वर पातळ चिकट साय गोठलेली. बोटाला लागली ती निघेना, गरम पाण्याखाली धरलं तेव्हा तार धरून सुटली. वास नासक्या दुधाचा, आणि त्याखाली ओल्या कुत्र्याचा. दोनदा ओकले.

यतीन म्हणतो, कुत्रा किंवा मांजर असेल. असेल. पण बर्फावर पाऊल नाही एक.

आणि एक सांगते. हे जन्मात पान स्वच्छ करून उठले नाहीत. चार घास टाकायचेच, मी रोज बोलायची. जेवून गेलं ते कोण?

११ जानेवारी, रविवार

उघडलं. यतीनने नकाशा दाखवला. युट्रेख्टचा बर्फ गेला. ग्रोनिंगनचाही गेला. आमच्या गल्लीत नुसतं पाणी. रीटबाईंच्या अंगणात काळी माती आणि गवत दिसतंय.

आमच्या अंगणात खिडकीच्या कट्ट्याएवढा.

यतीन म्हणतो, खोपटाची सावली पडते. मी म्हटलं, सावली चढते का रे? काल कट्ट्याच्या खाली होता. तो हसला. रीटबाई कुंपणावरून बघत होत्या, हसल्या नाहीत. त्यांनी चरबीचे गोळे काढून टाकलेत. कावळे पण गेले.

मी मिठाचा पुडा घेऊन गेले आणि अख्खा ओतला. इकडे मिठाने बर्फ विरतो. हा विरला नाही. मीठ पडलं तिथे बर्फ ओला झाला, लाळ सुटावी तसा, चप चप झालं आणि मीठ गेलं. जवळ वाकून बघितलं. पांढऱ्यात बारीक भोकं होती, कातडीला असतात तशी. एकेका भोकात एकेक केस.

भीती म्हणतात ती मला वाटली नाही. किळस आली. तीन पिढ्या जेवू घातल्या मी, खरकटी काढली, मेलेल्यांची अंगं धुतली. अशी किळस कधी आली नाही.

१२ जानेवारी, सोमवार

संहिता अंगणात उकिडवी बसून बर्फ खात होती. मूठ मूठ. दरादरा ओढून आत आणली, थोबाड धरून तोंड उघडलं. जिभेवर बर्फ तसाच. विरघळत नाही. बोट घालून काढला, त्यात केस. श्वासाला तोच वास, नासक्या दुधाचा.

अस्मिता माझ्यावर ओरडली, आई, पोरीला असं धरतात का! मग तिने स्वतः पोरीच्या कपाळाला हात लावला आणि थर्मामीटर आणायला धावली. अंग दगडासारखं गार. थर्मामीटर काही आकडा दाखवेना. डॉक्टरांनी बघितलं, उद्यापर्यंत बरं नाही तर मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले.

दुपारी पोरगी काचेला गाल लावून बसलेली. काच दुसऱ्या बाजूने धुरकटत होती. बाहेरून कुणी श्वास सोडावा तशी.

१३ जानेवारी, मंगळवार

आइंडहोवनला दवाखान्यात नेली. यतीन आणि अस्मिता दोघं तिकडेच. मला म्हणाले, तुम्ही घर बघा. घर बघतेय. स्वयंपाकघरातून अंगण दिसत नाही आता. नुसतं पांढरं, काचेला चिकटलेलं, आणि मध्येच हलतं.

पुण्याला गुरुजींना फोन लावला. घास शिवला नाही तर काय करायचं असतं, विचारलं. म्हणाले, आजी, दर्भाचा कावळा करून त्याने शिववायचा, इतकं सोपं. दर्भ कुठे होता माझ्याकडे? मग मी काय बोलले ते सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, मोघम बोलू नये हो. कोण ऐकत असतं, आपल्याला काय ठाऊक. मी विचारलं, शब्द परत घेता येतो का? म्हणाले, नाही. फोन ठेवायची घाई झाली त्यांना.

संध्याकाळी यतीनचा फोन. आवाज चिरका. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडत नाही, पोरगी डोळे उघडत नाही. आणि म्हणाला, आई, एक विचित्रच आहे. सगळ्या शहरात बर्फ नाही. फक्त हिच्या खिडकीच्या बाहेर पडतोय.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तीळ भाजले नाहीत.

नकाशा बघितला. देश कोरडा. विहीणबाईंकडे पण ऊन पडलंय. आता फक्त इथे, आणि तिथे पोरीच्या खिडकीत. यतीन म्हणतो, निम्मी खिडकी भरली.

शब्द परत घेता येत नाही. बरं. आमची आई म्हणायची, नवस मोघम बोलला गेला तर नाव घालून फेडावा, म्हणजे देव दुसऱ्याला हात लावत नाही. हा देव नाही. ही घाण आहे. पण जेवायला बसली ती आमच्याच रीतीने. पान वाढलं तेव्हा आली, बोल दिला तेव्हा घास घेतला. मग रीत तिलाही लागू.

अस्मिताला सांगितलं नाही. ती रडेल, मग अडवेल. वेळ जाईल.

खीर करायला घेतली. दुधाचा वास नको म्हणून नाकाला पदर बांधलाय.

१५ जानेवारी, गुरुवार. सकाळ

पान वाढलं. खीर, वडे, सगळं. काच बोटभर सरकवली. तेवढ्यात पांढरं आत आलं. गार नाही मेलं. कोमट आहे. गाईच्या जिभेसारखं कोमट.

म्हटलं, या घरातलं काय हवं ते घे म्हणाले होते. या घरातलं म्हणजे मी, शामला. दुसरं काही नाही. पोर नाही. खा आणि ने.

हललं नाही. विचार करतंय की काय—

थोड्या वेळाने

पान खाल्लं. पत्रावळ पण खाल्ली. चावायचा आवाज. दात आहेत म्हणजे. कुठे आहेत दिसत नाही.

फरशीभर झालंय. मी खुर्चीवर पाय घेऊन बसलेय. वास असा की डोळ्यांतून पाणी.

यतीनचा फोन. रडत होता, आधी मला वाटलं गेली. पण नाही— पोरगी घामाने भिजलीय, उठून बसली, भूक लागली म्हणून नर्सवर ओरडली. खिडकीतून ऊन येतंय म्हणाला. म्हटलं, तिला गरम वरणभात दे, वर तूप घाल, त्या लेंड्यांचा पाव देऊ नको. आई, तुझा आवाज असा का येतोय, म्हणाला. दात काढून ठेवलेत, म्हटलं. घरी लगेच येऊ नका. मी झोपतेय. फोन ठेवला.

खुर्चीच्या पायांना लागलं. केस घोट्याला— ओले— एकेक वेगळा हलतो. शी. शी शी शी.

साखर बघितली नाही आज.

तोंडात चव आली, नासक्या दुधाची. मी काही खाल्लं नाही तरी. गुडघ्यापर्यंत. दुखत नाही, चघळतंय नुसतं, बोळक्या तोंडाने सुपारी चघळावी तसं. ए, हळू. माणसाच्या घरी जेवायची काही रीत असते. एवढं लिहू दे, मग ने मे