हद्दीवरच्या आत्येस

प्रिय आत्ये,

तू गेलीस तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तेव्हा सगळं गाव तुझं कौतुक करत होतं, आणि त्या गर्दीत मला जागा नव्हती. आज लिहितोय, कारण तुझ्या पडवीमागे बांध फुटला होता, तो काल बुजला. कसा, ते तुला दुसरं कोण सांगणार?

आपल्या गावाचा भूगोल तुला काय शिकवायचा! वडखळवरून आत वळलं की वरची वाडी, तुझं माहेर, सगळे भातवाले. पुढे खालची वाडी, तुझं सासर, मिठागरात राबणारी. दोन्ही वाड्यांच्या अंगाने धरमतरची खाडी, आणि तिला अडवणारा मातीचा बांध. आपापल्या हद्दीत घरटी एका माणसाने माती टाकायची. तुझं घर नेमकं हद्दीवर. सणाला दोन्हीकडून ताट यायचं, आणि तू दोन्ही ताटांना नावं ठेवायचीस. एवढी तिखट जीभ कुठून आणलीस गो?

तर वरच्या वाडीने आपल्या टोकापर्यंत बांध चोपला, खालचीने आपल्या. दोघांची कामं चोख, आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढं भगदाड! पुनवेचं उधाण तोंडावर. खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं भात विसरायचा, तुझ्या घराच्या भिंतीही.

वरच्या वाडीचा म्हादू म्हणाला, "सून तुमची, माती तुम्ही टाका."

खालचा पांडू म्हणाला, "लेक कोनाची व्हती?"

जिवंतपणी दोघंही तुला आपली म्हणायचे ना?

मी वरशाहून, माझ्या आताच्या गावाहून, आलो होतो तो तुझ्या घराला कुलूप लावायला. ऐकून कंटाळलो. म्हटलं, "ही जागा कुणाचीच नाय ना? मग माझी. उद्या कुंपण घालतो."

म्हादू उठलाच. "तुझी कशी? वरशाला बंगला बांधलास तवाच तुझं गाव सुटलं. जागा आमची हाय."

"तुमची कशी? आमची," पांडूने घमेलं उचललं.

मग दोन्हीकडून माती पडू लागली. भांडत भांडतच उधाणाआधी बांध उभा राहिला. मी हात लावायला गेलो, तर बाहेरच्याने मध्ये पडू नये म्हणाले.

इतकी वर्षं तू दोन्ही वाड्यांना शिव्या देऊन हेच काम करून घेत होतीस होय? मला एका शब्दाने बोलली नाहीस!

असो. शब्द देतो. दर पावसाळ्यात मोठ्या उधाणाआधी येईन, तुझ्या पडवीमागे उभा राहीन आणि दोन्ही वाड्यांना ऐकू जाईल असं ओरडेन, की ही जागा माझी आहे.

तुझा, आता गावाबाहेरचा ठरलेला भाचा,
अरुण